तत्त्वज्ञानाच्या बाजूचा दगड

कोणताही प्रश्न विचारला की ते आधी खाली वाकत. जमिनीवरची चिमूटभर माती उचलून अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये चोळत, नाकाशी नेत आणि मग म्हणत, "आधी पोत पाहू द्या." प्रश्न मातीविषयीच असला पाहिजे, अशी अट नव्हती. संमेलन कोणत्या दिवशी घ्यावे, असे विचारले तरी हाच क्रम. शिक्षकांच्या खोलीत फरशी होती. तेथे ते खडूची भुकटी चोळत. एकदा तपासणीसाठी आलेल्या साहेबांनी त्यांना नाव विचारले. आमचे सहकारी वाकले. हेडमास्तरांनी डोळे मिटून घेतले. साहेब मात्र स्वतःच्या बुटांभोवती शोधू लागले. आपले काहीतरी पडले असावे, असा त्यांचा समज झाला.

मी त्या शाळेत भूमिती शिकवीत असे. पक्ष, साध्य, रचना आणि सिद्धता या क्रमाने विचार करण्याची सवय मला जडली आहे, आणि माणसांचे वर्णनही मी त्याच क्रमाने करू जातो. तेव्हा प्रथम पक्ष.

घाटंजीच्या आमच्या शाळेत शेतकी हा विषय नव्याने सुरू झाला, त्या वेळी नागपूरहून शेतकीचे बी.एस्सी. होऊन हे गृहस्थ आले. विद्यार्थी आणि शिक्षक दोघेही त्यांना 'शेतकी सर' म्हणत. ते जवळच्याच एका तांड्यातले होते. ज्या वाचकांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो: तांडा म्हणजे बंजारा लोकांची वस्ती. यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य लादून दूरदूर जात आणि येताना मीठ आणीत. पुढे मीठ आगगाडीने येऊ लागले आणि बैल नांगराला जुंपले गेले. शेतकी सर घरी गोर बोली बोलत, आमच्याशी वऱ्हाडी, आणि वर्गात पुस्तकातली मराठी. पण वर्गात राग आला की तिन्ही.

ते रुजू झाले त्याच वर्षी आपला जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला. शाळेच्या छापील कागदांवरचे जुने राज्य खोडून नवे लिहिण्याचे काम कारकुनाकडे आले. तो बिचारा पेन हातात धरून खिन्न बसला होता. शेतकी सर अंगणात गेले, चिमूट घेऊन आले, चोळून पाहिली आणि म्हणाले, "पोत तोच आहे. तुम्ही बिनधास्त खोडा." कारकुनाला त्यामुळे खरोखर धीर आला.

आता जे घडले त्याचे मूळ शाळेमागच्या कपाशीच्या वावरात आहे. शेतकी सरांनी त्याचे दोन प्लॉट पाडले होते. 'अ' प्लॉटला खत दिलेले, 'ब' प्लॉटला काहीच दिलेले नाही. मध्ये एक मातीचा बांध. प्रत्येकात एक लाकडी फलक. खताचा गुण विद्यार्थ्यांना डोळ्यांनी दिसावा, एवढाच हेतू. श्रावणातल्या एका दुपारी मोठा पाऊस झाला, बांध फुटला आणि 'अ'मधली खतावलेली माती वाहत जाऊन 'ब'मध्ये पसरली. काही दिवसांत 'ब'ची पऱ्हाटी तरारली आणि 'अ'ची खुरटली. दुसऱ्या कोणीही बांध घातला असता. शेतकी सर फुटलेल्या बांधावर 'अ'चा फलक मांडीवर घेऊन बसून राहिले.

"सर," ते मला म्हणाले, "'अ' संपते कुठं?"

"बांधापाशी," मी म्हणालो.

"बांध नाही आता."

"होता त्या जागेपाशी."

"त्या जागेची माती तं पलीकडं गेली. मंग 'अ' पलीकडं गेला, का 'अ' इथंच राह्यला आन त्याची माती 'ब'ची झाली?"

मी काठीने चिखलात एक रेघ ओढली आणि रेषेला लांबी असते, रुंदी नसते, हे त्यांना समजावून सांगितले. त्याने प्रकरण चिघळले.

"रुंदीच नाही तं ती हाये कुठं?" ते म्हणाले.

हेडमास्तरांचे उत्तर सोपे होते. "बांध घाला."

"बांधानं प्रश्न अडते, सर. सुटत नाही."

पुढे बरेच दिवस तो फलक त्यांच्या काखेत असे. वर्गात, हॉटेलात, बाजारात. तो कुठे रोवावा हे ठरत नव्हते, आणि चुकीच्या जागी रोवणे त्यांच्या शिस्तीत बसत नव्हते. ड्रिल मास्तर त्यांना दुरून पाहून सलाम ठोकीत आणि "'अ' प्लॉट आला," अशी वर्दी देत. शेतकी सरांनी या चेष्टेवरही विचार केला. "तसं पाह्यलं तं," ते मला म्हणाले, "ते चूक नाही म्हणत."

अखेर त्यांनी निष्कर्ष काढला की हा प्रश्न शेतकीचा नसून तत्त्वज्ञानाचा आहे, आणि म्हणून आपण नागपूरला जाऊन तत्त्वज्ञानात एम.ए. केले पाहिजे. शेतकीचा पदवीधर तत्त्वज्ञानाच्या वर्गात बसल्याचे त्या काळी कोणी ऐकले नव्हते. ते तेथल्या प्राध्यापकांना भेटून आले. "शेतकीतून इकडे का?" असे प्राध्यापकांनी विचारताच हे खाली वाकले. खोलीत सतरंजी होती. सतरंजीवर त्यांना जे मिळाले ते चोळून त्यांनी फुटलेल्या बांधाची सर्व हकीकत सांगितली. प्राध्यापकांनी ती दोनदा सांगून घेतली आणि मग ते म्हणाले की या वर्षी वर्गात जागा पुष्कळ आहे.

प्रवेश मिळाला, पण खरी परवानगी अजून मिळायची होती. येथे मी साध्य मांडतो. तांड्याने नाही म्हटले असते तर ते गेले नसते. पहिल्यांदा शिकायला निघाले तेव्हा, जुन्या काळी लादलेल्या बैलांना निरोप देत तसा, सगळा तांडा त्यांना सडकेपर्यंत पोहोचवायला आला होता. "माझं शिक्षण माझ्या एकट्याचं नाही, तांड्याचा माल हाये तो," ते म्हणाले. "माल बदलाचा तं नसाब बसला पाहिजे. नसाब नाही म्हणला, तं मी जन्मभर बांध घालत बसतो." नसाब म्हणजे तांड्याची न्यायसभा. नायक प्रमुख, त्याच्या खालोखाल कारभारी. शेतकी सरांची मला विनंती होती की मी सोबत यावे. "तुम्ही व्याख्या चांगली करता," ते म्हणाले. मी नवे धोतर नेसून गेलो.

कडुनिंबाखाली नसाब बसला. नायक म्हणजे पांढऱ्या मिशांचा, शांत डोळ्यांचा वृद्ध. त्याने मला बाजेवर बसवले आणि विचारले, "गुरुजी, हे नवं शिक्षण कायचं हाये?"

मी उभा राहिलो. "सत्य म्हणजे काय, आणि ते आपल्याला कसे कळते, याचा पद्धतशीर विचार ज्या शास्त्रात केला जातो, त्यास तत्त्वज्ञान म्हणतात."

नायकाने ते गोर बोलीत सर्वांना सांगितले. सांगायला माझ्यापेक्षा पुष्कळ वेळ लागला, आणि मध्येच एकदा सगळे जण हसले. मी नेमके काय बोललो होतो, हे मला आजवर कळलेले नाही.

कारभारी पुढे सरकला. "मंग पहिलं शिकला ते खोटं होतं काय?"

"छे, खोटं कसं असेल?"

"खरं होतं, तं पुन्हा खरं शिकाले नागपूरले कायले जायचं?"

मी खाली बसलो. एका व्याख्येने भागत नाही, पुढे उदाहरण लागते, हे मी वर्गात नेहमी सांगत आलो आहे. उदाहरण शेतकी सरांजवळ होते. ते उठले आणि सवयीप्रमाणे वाकले.

"माती खाली ठेव," नायक म्हणाला. "तोंडानं बोल."

त्यांनी 'अ' आणि 'ब'ची गोष्ट सांगितली. विद्यापीठातल्या मंडळींना जे समजायला वेळ लागला, ते तांड्याला तत्काळ समजले. नको तितके समजले. मागच्या रांगेतला एक जण ताडकन उठला आणि कारभाऱ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हेच तं मी केव्हापासून सांगून राह्यलो. माझी माती याच्या वावरात हाये."

"आली तं आली, मी बोलावली काय तिले?" कारभारी म्हणाला.

"पीक तं तू घेतलं ना."

"बी माझं होतं."

"माती कोणाची होती?"

यानंतर बाजू दोन झाल्या, मग चार. तत्त्वज्ञानावरची एवढी जोरदार चर्चा मी पुढे कोणत्याही सभेत ऐकली नाही. शेतकी सर दोन्हीकडचे मुद्दे मन लावून ऐकत होते आणि "हे बरोबर हाये... हेही बरोबर हाये" असे म्हणून दोन्हीकडच्यांचा राग वाढवीत होते.

त्या गलक्यात त्यांची याडी, म्हणजे आई, एकदाच बोलली. आवाज चढवला नाही, तरी सगळे थांबले. "एक बार धाडला तं शेतकी शिकून घाटंजीत राह्यला. आता हे शिकून कुठं राहीन?"

 

मग नायक बोलला. "आपले बैल जाताना धान्य नेत आन येताना मीठ आणत. जो नेलेलंच वापस आणे, त्याले आपल्यात यडा म्हणत. माल बदलाले हरकत नाही. पण गोणीचे दोन्ही अंग बरोबर पाहिजे, नाही तं बैलाची पाठ सोलते. गोणी काढा."

नायकाच्या घरी आजोबांच्या वेळची एक गोणी जपून ठेवलेली होती. बैलाच्या पाठीवरून दोन्ही बाजूंना लोंबणारी, जाड विणीची, कवड्या लावलेली. दिवाळीत तिची पूजा होई. ती आणली गेली. नांगरातून मोकळा केलेला एक म्हातारा बैलही आणला गेला. त्याच्या सात पिढ्यांत कोणी पुस्तके वाहिली नसावीत. उजव्या अंगात शेतकीची पुस्तके भरली: माती, खते, कीड, ओलीत, गुरांचे रोग, सगळी जाडजूड. डाव्या अंगात तत्त्वज्ञान. तत्त्वज्ञानाची दोनच पुस्तके त्यांच्याजवळ होती, आणि त्यांतले एक बारीक होते.

बैल चालू लागला. त्याने तांड्याला सरळ प्रदक्षिणा घालायची होती. प्रत्यक्षात तो शेतकीच्या बाजूला झुकत झुकत कंस काढीत गेला आणि कोणाच्या तरी कुडाला टेकून थांबला. सर्वांनी एकमेकांकडे पाहिले. तत्त्वज्ञान कमी पडत होते, हे सिद्ध झाले होते.

कारभाऱ्याने झाडाखालचा एक काळा, गुळगुळीत दगड उचलला आणि डाव्या अंगात टाकला. माल कमी असला की वाटेवर अशी भर घालण्याची जुनी रीत होती.

"दगड म्हणजे तत्त्वज्ञान नाही," शेतकी सर म्हणाले.

"हे बैलाले सांग," कारभारी म्हणाला.

बैल या खेपेस सरळ चालला. पुरा तांडा फिरून कडुनिंबाखाली परत आला. नायकाने निकाल दिला. "जाय. पण हा दगड काढूनही बैल ज्या दिवशी सरळ चालन, त्या दिवशी तुझं शिक्षण झालं. तोवर हरेक सुट्टीत येऊन तोंड दाखवायचं. दगड याडीपाशी राहीन."

निकाल कोणालाही विचित्र वाटला नाही. मलाही वाटला नाही, हे नमूद केले पाहिजे. परतताना सडकेला लागल्यावर मला तो विचित्र वाटला.

ते नागपूरला गेले. शेतकीचे तास तात्पुरते ड्रिल मास्तरांकडे आले, आणि कपाशी पहिल्यांदाच रांगेत दक्ष उभी राहिली. दिवाळीत आणि उन्हाळ्यात शेतकी सर येत, आधी तांड्यात, मग माझ्याकडे. वर्गमित्र चांगले होते, मात्र "ज्ञान शक्य आहे काय?" यावर परिसंवाद झाला तेव्हा यांना बोलायला उभे करताच हे वाकले आणि पहिल्या रांगेतले दोघे घाबरून बाजूला झाले. बाह्य जग अस्तित्वात आहे हे कसे सिद्ध कराल, असा एक प्रश्न परीक्षेत आला होता. यांनी लिहिले की पावसाळ्यात काळ्या मातीतून अनवाणी चालावे. पायाला जे चिकटते ते बाह्य जग, आणि जो शिव्या देतो तो ज्ञाता. गुण बरे पडले. परीक्षक आपल्याच भागातले असावेत.

त्यांची याडी मला आठवडी बाजारात भेटे. दगड तिने पाण्याच्या गुंडांशेजारी, म्हणजे हंड्यांशेजारी, ठेवला होता आणि गुंड घासताना ती तोही घाशी. मी एकदा विचारले, "कायले इतका जपता?"

"जपत नाही, गुरुजी," ती म्हणाली. "तो हाये तोवर येते पोरगा."

एम.ए. होऊन ते परत आले तोवर आपला जिल्हा महाराष्ट्रात गेला होता. कारकून पुन्हा कागद खोडीत बसला होता. या खेपेस त्यानेच अंगणातून चिमूट आणून शेतकी सरांपुढे धरली. त्यांनी पाहून मान हलवली.

दुसरा नसाब बसला. मी याही वेळी गेलो, मात्र व्याख्या तयार करून नेली नाही. तोच बैल, आणखी म्हातारा, तीच गोणी. शेतकीची पुस्तके उजवीकडे भरली. डाव्या अंगात तत्त्वज्ञानाची चार पुस्तके पडली आणि हात रिकामे झाले.

"बस?" कारभारी म्हणाला.

"बाकीची लायब्ररीची होती. वापस केली."

"मंग माल कुठं हाये?"

शेतकी सरांनी आपल्या डोक्याकडे बोट दाखवले. कारभाऱ्याने ते डोके सर्व बाजूंनी पाहिले. मागे कोणीतरी म्हणाले की मग डोकेच गोणीत घालावे. याडी दगड पदराखाली धरून बसली होती. तिच्या चेहऱ्याकडे पाहून मला वाटले की सर्व तांड्यात हिशेब चुकावा अशी इच्छा असलेले एकच माणूस तेथे आहे.

नायकाला आता नीट दिसत नव्हते. त्याने हाताने दोन्ही अंगे चाचपून पाहिली. "माल डोक्यात असन, तं डोकं बैलाबरोबर चाललं पाहिजे," तो म्हणाला. "गोणीवर हात ठेव. चाल."

शेतकी सरांनी डाव्या अंगावर पंजा टेकवला आणि जेवढा भार कमी पडत होता तेवढा दाबला. बैल निघाला. ते त्याच्या बाजूने चालू लागले. जास्त दाबले की बैल डावीकडे येई, सैल सोडले की उजवीकडे; काही पावले गेल्यावर त्यांच्या हाताला त्याचा अंदाज आला. घरांवरून, कडब्याच्या गंजीवरून, कारभाऱ्याच्या त्या वादग्रस्त बांधाजवळून दोघे एका चालीने गेले. त्या फेरीत ते एकदाही वाकले नाहीत. कुत्रीदेखील गप्प होती. एवढा गंभीर पदवीदान समारंभ मी पाहिलेला नाही.

बैल सरळ आला. नायकाने विचारले, "सरळ आला ना?" आणि सगळ्यांनी हो म्हटल्यावर नसाब उठला.

लोक आपापल्या घरी गेले. याडीने पदराखालचा दगड काढून मुलाच्या हातात दिला.

"तूच ठेव," ते म्हणाले.

"मले काय करायचा आता?" ती म्हणाली, आणि चुलीकडे गेली.

त्या वर्षीच त्यांना दूरच्या एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवण्याची जागा मिळाली. येथून आगगाडीने दोनदा गाडी बदलून जावे लागे. जाण्याच्या आदल्या दिवशी ते शाळेत आले. पिशवीत दगड होता. आम्ही दोघे मागच्या वावरात गेलो. बांध पुन्हा घातला होता, बराचसा अंदाजाने. ते त्याच्या कडेने चालत गेले, एका ठिकाणी थांबले, खाली बसले आणि हाताने खळगा करून तो दगड त्यात रोवला.

"'अ' इथं संपते," ते म्हणाले.

"सिद्ध झाले?" मी विचारले. माझ्या दृष्टीने हा प्रश्न अद्याप उघडा होता.

त्यांनी चिमूटभर माती घेतली, चोळली, नाकाशी नेली आणि ते म्हणाले, "नाही, सर. ठरलं." मग हात झटकून त्यांनी मला वाकून नमस्कार केला. वाकल्यावर त्यांचा हात मातीकडे न जाता माझ्या पायांकडे आला, हे माझ्या ध्यानात यायला एक क्षण लागला.

पहिली काही वर्षे ते दिवाळीला येत. मग एक वर्षाआड. मग याडी गेली तेव्हा आले, आणि त्यानंतर माझी त्यांची गाठ पडली नाही.

पुढच्या एका पावसात तो बांध पुन्हा फुटला, आणि हेडमास्तरांनी तो पुन्हा घातला नाही. 'अ' आणि 'ब' एक झाले. आता तेथे सलग कपाशी उभी असते आणि फलक एकही नाही. फक्त मध्यावर एक काळा, गुळगुळीत दगड आहे. नव्या शेतकीच्या सरांनी तो कधी उपटला नाही. दर वर्षी नांगर तेथवर येतो, बैल आपोआप किंचित डावीकडे होतात, दगडाला वळसा घालतात आणि पुन्हा सरळ चालू लागतात.